मिक्सरमागं उभ्या माणसाचे कान: प्लग आणि मशीन, दोन वर्षं वापरून

सहा तारखेची हळद मी दहा तारखेला लिहून घेतली. फोनवर जुळे सोलापूरचं गिऱ्हाईक ‘सहा’ म्हणालं, माझ्या कानात फक्त ‘हा’ पोचला आणि डोक्यानं त्याच्यापुढं ‘द’ लावला. सहा तारखेला संध्याकाळी मांडव सजलेला, पाहुणे आलेले, नवरदेवाला हळद लागलेली आणि माझा डीजेचा टेम्पो अक्कलकोट रोडला गोडाऊनमध्ये झाकून उभा. दुसऱ्या एका डीजेवाल्या मित्राचा सेट धाडून कसंबसं निभावलं. अ‍ॅडव्हान्स परत केला आणि त्या भावकीतली पुढची दोन लग्नं हातची गेली. मे २०२३ मधली ही गोष्ट. जूनमध्ये सीझन संपला तसा कान तपासून आलो. तेव्हापासून कानात घालायच्या चार वस्तू, आवाज अडवणारे तीन प्रकारचे प्लग आणि ऐकू येण्यासाठी एक मशीन, स्वतःच्या पैशानं घेतल्या आहेत. त्या कशा चालतात ते सांगतो. मिरवणुकीत, हॉलमध्ये, लॉनवर जे स्वतः मिक्सरमागं उभे राहतात त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

मी एकोणीस वर्षं या लाईनीत आहे. पण मोठ्यानं बोलायची सवय घरात त्याच्याही आधीपासूनची. वडील यंत्रमागावर होते, टॉवेलच्या कारखान्यात. लहानपणी डबा द्यायला गेलो की ते माझ्या ओठांकडं बघून बोलायचे, मागावरचे सगळेच तसं करायचे. घरी आले तरी आवाज कारखान्यातलाच. आमच्या बोळात असे चार-पाच जण होते आणि त्याला कुणी आजार म्हणायचं नाही, मागावर काम केलं की असं होतंच, असं म्हणायचे. अलीकडं मी तसल्याच एका शेडमध्ये जाऊन आवाज मोजला. ९७ डेसिबल. मिरवणुकीत माझ्या जागेवर मोजला तर १०५.

हे आठ डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. पण डेसिबलचा हिशेब किलो-लिटरसारखा नसतो. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दुप्पट होते आणि कानाला सोसायचा वेळ निम्मा होतो. अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामगारांच्या आरोग्यावर काम करते, ती ८५ डेसिबलला आठ तास धरते. मग ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. १०५ ला पाच मिनिटंसुद्धा भरत नाहीत. आमची मिरवणूक सहा तास चालते. नायॉशचंच आवाज मोजायचं अ‍ॅप आयफोनवर फुकट मिळतं. माझ्याकडं आयफोन नाही, मी भाच्याचा घेऊन मोजतो. एकदा तरी आपल्या जागेवर उभं राहून आकडा बघा, बाकीचं मी सांगायची गरज उरणार नाही.

तपासणीला जाताना आदल्या रात्रीची सुपारी, म्हणजे वाजवायचं काम, घेऊ नका. दडे बसलेल्या कानांचा ग्राफ खरा येत नाही, चौदा-सोळा तास तरी कान शांत पाहिजेत. मी पहिल्यांदा ज्या दुकानात गेलो तिथं आवाजबंद खोलीच नव्हती, बाहेरचे रिक्षाचे हॉर्न ऐकत ऐकत मला बारीक सूर ओळखायला लावले, आणि ग्राफ हातात यायच्या आधी मशीनच्या किमतींचा कागद समोर आला. तिथून उठलो. दुसऱ्या ठिकाणी, सात रस्त्याकडं, बंद खोली होती आणि तपासणाऱ्या मॅडमचा आरसीआयचा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला होता. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, ऑडिओलॉजिस्टची नोंदणी तिथं असते. तो क्रमांक बघूनच खुर्चीत बसा. आणि एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो: एका रात्रीत एकच कान अचानक बंद झाला तर प्लग आणि मशीनचा विचार बाजूला ठेवून लगेच, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा. चार दिवस थांबून बघू म्हटलं की कान परत यायची शक्यता कमी होत जाते.

माझा ग्राफ असा आला. २५० पासून २००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या आणि मधल्या सुरांत, जवळजवळ ठीक. ४००० वर एकदम खाली, म्हणजे तो सूर ऐकू यायला उजव्याला ५० डेसिबल लागतात, डाव्याला ६०. मग ८००० वर रेघ पुन्हा थोडी वर चढलेली. मॅडम त्या खड्ड्यावर पेन ठेवून म्हणाल्या, “हा आवाजानं पडलेला खड्डा आहे. वयाचा असता तर रेघ परत वर आली नसती.” डावा जास्त खराब, कारण हेडफोन मी डाव्या कानाला लावतो. कानाच्या आत शंखासारख्या भागात केसांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. जन्मताना मिळतात तेवढ्याच. मेल्या की नव्या येत नाहीत. स, श, त, क, फ ही अक्षरं वरच्या सुरांत राहतात, म्हणून ‘सहा’तला ‘स’ माझ्यापर्यंत आला नव्हता.

त्या ग्राफनं आणखी एक उलगडा केला. दोन-तीन वर्षं लोक सांगत होते की तुझा टॉप, म्हणजे वरचे सूर, टोचतो. मला मात्र टॉप मंद वाटायचा, म्हणून मी इक्वलायझरवर चार हजारची पट्टी वर वर नेत होतो. माझ्या कानातला खड्डा मी हजार माणसांच्या कानात भरत होतो. त्यात मिरवणुकीत लेझीम खेळणारी नववी-दहावीची पोरं असायची. त्या रात्री घरी येऊन सगळ्या पट्ट्या मध्यावर आणल्या आणि आता माझ्या कानापेक्षा मीटरवर विश्वास ठेवतो.

आता वस्तू. पहिला फोमचा प्लग. एमआयडीसीकडं हातमोजे, हेल्मेट विकणारी सेफ्टीची दुकानं आहेत तिथं दहा-पंधरा रुपयांना जोडी मिळते. वापरायची पद्धत कुणी सांगत नाही आणि त्यातच सगळं आहे. प्लग बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो घातलेलाच नाही असं समजा. पाकिटावर २९ वगैरे आकडा असतो, थ्रीएमच्या ११०० वर २९ आहे. तो प्रयोगशाळेतला आकडा. अमेरिकेत कामगारांसाठी हिशेब करताना त्यातून सात वजा करून उरलेल्याचे निम्मे धरतात, म्हणजे अकरा. नीट घातला तर जास्त मिळतात, पण अकरावर भरवसा ठेवून चालावं.

फोमची अडचण ऑपरेटरला कळते. तो वरचे सूर जास्त खातो आणि खालचे कमी. चादरीची चौपदरी घडी कानावर धरल्यासारखं गाणं येतं, बेस तेवढा छातीत वाजत राहतो. मग टॉप तपासायला आपण एक प्लग काढतो आणि तो रात्रभर खिशातच राहतो. मी दोन महिने हेच केलं. मिक्सिंग न करणाऱ्याला फोम उत्तम. जनरेटरपाशी बसणारा, टेम्पो हळूहळू पुढं घेणारा ड्रायव्हर, बेसला टेकून उभी राहणारी पोरं, या सगळ्यांना फोमच द्या.

दुसरा सिलिकॉनचा, तीन छत्र्यांचा, आत फिल्टर असलेला. मला अडीच हजारांच्या आत पडला. यात सगळे सूर जवळपास सारखेच कमी होतात, गाणं तेच राहतं, फक्त दूर गेल्यासारखं होतं. पहिल्यांदा घातला तेव्हा मला बरं वाटलं, कारण मधले स्वर जास्त स्वच्छ ऐकू आले. माझ्या डाव्या कानाची नळी वाकडी आहे, त्यामुळं बोलताना जबडा हलला की त्या बाजूचा सैल व्हायचा. ज्यांचे कान सरळ आहेत त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. प्लग नीट बसलाय का ते बघायची सोपी खूण आहे: गाणं चालू असताना दोन्ही तळवे कानांवर दाबा. आवाज आणखी कमी झाला तर प्लगच्या कडेनं आवाज आत येतोय.

तिसरी वस्तू कानाच्या मापाचा प्लग, आणि एकोणीस वर्षांत या धंद्यासाठी मी केलेल्या सगळ्या खरेदीत हीच मला सगळ्यात मोलाची वाटते. अ‍ॅम्प्लिफायर, नवीन मिक्सर, एलईडी, सगळं धरून. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो. तिथं कानात खोलवर आधी दोरा बांधलेला छोटा स्पंज ठेवतात, म्हणजे साचा पडद्यापर्यंत जात नाही. मग पिचकारीनं मऊ सिलिकॉन भरतात. पाच मिनिटांत ते घट्ट होतं, तेवढ्यात तोंड उघडझाप करायला सांगतात, कारण जबड्याबरोबर कानाची नळी बदलते. तीन आठवड्यांनी प्लग आला. डावा कडेनं गळत होता, तो त्यांनी काही न घेता परत करून दिला. आत बसवायचे फिल्टर एटिमोटिकचे. या फिल्टरांतला १५ चा १९८८ पासून वादकांसाठी मिळतो, ९, १५ आणि २५ डेसिबलचे असतात. मी १५ आणि २५ अशा दोन जोड्या घेतल्या, सगळे मिळून सतरा हजार गेले.

दोन जोड्या का, ते नीट समजून घ्या. माझ्या जागेवर १०५ असतील तर १५ चा फिल्टर लावून कानात ९० पोचतात, आणि ९० ला नायॉशच्या हिशेबानं अडीच तास. हॉलमधल्या लग्नाला, वाढदिवसाला हे पुरतं, कारण तिथं मुळातच आवाज कमी असतो. सहा तासांच्या मिरवणुकीला पुरत नाही. तिथं २५ चा लावतो, कानात ८० येतात. २५ लावून बारीक मिक्सिंग जमत नाही हे खरं आहे. पण मिरवणुकीत बारीक मिक्सिंग असतंच कुठं? सगळा ताळमेळ मी दुपारी रस्ता मोकळा असताना १५ वर करून ठेवतो आणि संध्याकाळी फिल्टर बदलतो.

हेडफोनचं काय, हा प्रश्न मला दरवेळी विचारतात. प्लग दोन्ही कानांत ठेवून त्यावरूनच बंद कपांचा हेडफोन लावायचा. हेडफोनचा आवाज थोडा वाढवावा लागतो, त्यानं घाबरू नका, प्लग तोही कमी करतोच. एका कानातला प्लग काढून हेडफोन लावणं हेच माझ्या डाव्या कानाला नडलं.

त्रासही आहेत. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, याला पंधरा दिवस लागतात. प्लग असला की आपण नकळत हळू बोलतो आणि समोरच्याला काही कळत नाही, म्हणून पोरांशी मी आता हातवारे ठरवून घेतले आहेत: मूठ म्हणजे बेस कमी, दोन बोटं म्हणजे जनरेटर बघ. मे महिन्यात पारा ४३ वर असताना घामानं प्लग निसटतो, दर गाण्याला नाही पण तासाला एकदा पुसून घालावा लागतो. धुवायचा तर आधी फिल्टर काढून, साबणाच्या पाण्यानं. आणि टेम्पोच्या डॅशबोर्डवर उन्हात कधीही ठेवू नका.

चौथी वस्तू कानाचं मशीन. जानेवारी २०२४ मध्ये घेतलं, दोन्ही कानांना, कानामागं बसणारं आणि बारीक वायरीनं स्पीकर कानात जाणारं. जोडीला एक लाख दहा हजार. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिल घेताना बघून घ्या. सेल ३१२ नंबरचे, तपकिरी स्टिकरचे, मला आठवडाभर जातात. स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं सेल उघडा ठेवून मग घालायचा, त्याला हवा लागते. चार्जिंगचंही मिळतं, पण मी रात्र-रात्र बाहेर असतो, मला सेल बरा.

पहिल्या दिवशी घरी येऊन जेवायला बसलो आणि कडक भाकरी मोडली. तिचा आवाज आला. किती वर्षांनी आला ते मला सांगता येणार नाही, कारण तो कधी गेला तेच कळलं नव्हतं. बायकोच्या बांगड्या, नळाचं थेंब-थेंब पाणी, पोरीचं ‘श’ आणि ‘स’ वेगळं म्हणणं. पहिले पंधरा दिवस हे सगळं कर्कश वाटतं, प्लास्टिकची पिशवी चुरगळली तरी दचकायला होतं. तेव्हा मशीन डब्यात टाकून देऊ नका. रोज घाला, मेंदूला सवय लागते, आणि महिन्याभरात दोन-तीनदा जाऊन ट्युनिंग बदलून घ्या. मी चार वेळा गेलो. घ्यायच्या आधी आठ-पंधरा दिवस वापरून बघायला देतील का ते विचारा. माझ्या क्लिनिकनं दिलं होतं, म्हणूनच तिथून घेतलं. आता फोनवर तारीख चुकत नाही, तरी प्रत्येक सुपारी मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागतो.

संगीताला मात्र हे मशीन मुळात बनलेलं नाही, ते बोलण्यासाठी बनलेलं आहे. बोलणं ६५ डेसिबलच्या आसपास असतं. नात्यातल्या एका लग्नात सनई-चौघडा होता. मी पाहुणा म्हणून समोर बसलो होतो, आणि सनईचा लांब सूर माझ्या कानात थरथरत तुटत होता. वादक चांगला होता. मशीनमध्ये शिट्टी मारण्यापासून रोखणारी जी व्यवस्था असते तिला तो लांब सूर शिट्टीच वाटतो आणि ती तो दाबायला जाते. हार्मोनियमला, बासरीला हेच होतं. मॅडमना सांगितल्यावर त्यांनी संगीताचा वेगळा प्रोग्रॅम टाकून दिला, त्यात ती व्यवस्था आणि आवाज गाळणं दोन्ही बंद. बटण दाबलं की तो लागतो. तो मागून घ्या, मागितल्याशिवाय टाकून देतीलच असं नाही.

दुसरं, मशीनच्या माइकला एका मर्यादेपलीकडचा आवाज झेपत नाही, आत शिरतानाच तो फाटतो, आणि दारातच फाटलेला आवाज पुढं कुठल्याही ट्युनिंगनं शिवता येत नाही. घेताना ‘इनपुट किती डेसिबलपर्यंत घेतं’ एवढा प्रश्न नक्की विचारा. वायडेक्स कंपनी आपल्या काही मशीनांसाठी ११३ डेसिबल सांगते. उत्तर देता आलं नाही तर समोरच्याला संगीतवाल्यांचा अनुभव नाही असं समजा.

पण सगळ्यात जास्त गैरसमज वेगळाच आहे. कानात मशीन आहे म्हणजे कान झाकलेला आहे, असं लोकांना वाटतं. माझ्यासारख्या मशीनची कानातली टोपी भोकाभोकांची असते, बाहेरचा आवाज तिच्यातून सरळ आत जातो. बंद केलं तरी जातो. मी एका बारशाला, छोटा सेट आहे म्हणून, मशीन घालून मिक्सरवर उभा राहिलो आणि रात्री माझ्या कानात आतल्या आत वाजत राहणारी शिट्टी तिप्पट झाली. तेव्हापासून ठरलंय: गिऱ्हाइकाशी बोलताना, घरी, बँकेत मशीन. जनरेटर चालू व्हायच्या आधी मशीन काढून ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत आणि प्लग कानात. दोन्हीची कामं वेगळी आहेत, एकाला दुसऱ्याच्या जागी कधीच लावू नका. घाम आलेल्या कानात मशीन लगेच घालू नका, आधी पुसा. मळ अडवणारी बारीक जाळी महिन्याला बदला.

शिट्टीचं विचाराल तर ती गेलेली नाही. दिवसा मशीनमुळं बाहेरचे आवाज येतात म्हणून ती मागं पडते. रात्री फॅन लावून झोपतो. शिट्टी घालवतो म्हणून तेल विकणारे भेटतील, कानात काहीही ओतू नका. पंधराशे रुपयांत मिळणारं आवाज वाढवायचं यंत्रही नको, ते सगळे सूर सरसकट वाढवतं, जिथं कान चांगला आहे तिथंही.

फुकटातली गोष्ट सांगायची राहिली, वायर. मी पूर्वी बेसच्या मागं हातभरावर मिक्सर लावायचो. आता लांब वायर घेऊन बाजूला, पंधरा-वीस फुटांवर टेबल लावतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलपर्यंत उतरतो. माझ्या जागेवरचे १०५ त्यानं १०० झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली आहे, तीही ऐकायला आलेल्यांसाठी. ध्वनिप्रदूषणाचे आपले २००० सालचे नियम आहेत, रात्री दहानंतर बंद, ते आसपास राहणाऱ्यांसाठी. बेसपाशी उभ्या राहणाऱ्या पोराचा कान कुणी मोजत नाही, तो आपणच मोजायचा.

माझ्याकडं दोन पोरं आहेत, वीस आणि बावीस वर्षांची. फोमच्या जोड्या दिल्या तर मंडळाची पोरं त्यांना चिडवायची, “काय करूलालास बे, म्हातारा झालास का?” खिशात जायच्या जोड्या. मग दोरीवाल्या जोड्या आणल्या, गळ्यात राहतात, हरवत नाहीत, आणि मी स्वतः घातल्याशिवाय जनरेटर चालू करायचा नाही असं ठरवलं. शिवजयंतीच्या मिरवणुकीला धाकट्यानं दुसऱ्या सेटच्या पोराला आपल्या खिशातली जादा जोडी काढून दिली आणि कान ओढून कशी घालायची ते दाखवलं.

गेल्या वर्षी वडिलांनाही तपासायला नेलं. त्यांच्या ग्राफवर खड्डा त्याच जागी होता, ४००० वर, फक्त फार रुंद. आमचे दोन कागद मॅडमनी टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. वडील बराच वेळ बघत बसले, मग मोठ्यानं म्हणाले, “तुला तर मागावर घातलं नव्हतं.”

जून २०२३ ला ४००० वर उजवा ५०, डावा ६०. जून २०२४ ला ५० आणि ६०. या जूनला ५० आणि ६०.